बेहेडपाड्याच्या विहिरीवरील पाळी आणि चौथ्या टप्प्यातील घोडे

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
सार्वजनिक अश्वारोहण केंद्र प्रकल्प कक्ष,
जव्हार, जि. ठाणे.

अर्जदार : श्रीमती धोंडीबाई पुंजा वारघडे, वय ७२ वर्षे, शिक्षण मराठी सातवी उत्तीर्ण, राहणार बेहेडपाडा, सूर्यमाळ परिसर, ता. मोखाडा, जि. ठाणे.

दिनांक : २ एप्रिल २००२

विषय : नियोजित अश्वारोहण केंद्राच्या पहिल्या टप्प्यासाठी बेहेडपाड्याची विहीर ताब्यात घेण्याच्या निर्णयाचा फेरविचार होणेबाबत, आणि पाहणी अहवालातील चुकीची नोंद दुरुस्त करणेबाबत.

संदर्भ : (१) पाहणी अहवाल, दि. १८ फेब्रुवारी २००२. (२) आपल्या कक्षाचे ग्रामपंचायतीस आलेले पत्र, टप्पा-१/४७, दि. २५ मार्च २००२.

महोदय,

१. मी खाली सही करणारी, वर लिहिलेल्या पाड्यावर गेली चोपन्न वर्षे नांदत असून तेथील एकमेव विहिरीवरील पाण्याची पाळी गेली तीस वर्षे माझ्या हुकमाने चालते. या कामासाठी मला कोणी नेमलेले नाही व कोणी काढू शकत नाही. सबब विहिरीसंबंधी बोलण्याचा अधिकार मला आहे, हे आरंभीच स्पष्ट करते.

२. संदर्भ क्र. २ चे पत्र ग्रामपंचायतीच्या फलकावर तीन दिवस लावलेले होते व चौथ्या दिवशी दिसेनासे झाले. ते कोणी व का काढले याची चौकशी मी तूर्त मागत नाही. माझा नातू कमलेश, जो जव्हारला एका कार्यालयात कारकून आहे, त्याने ते फलकावर असतानाच माझ्या सांगण्यावरून शब्दशः उतरवून घेतले. त्याने कोणत्याही कार्यालयातून कोणताही कागद बाहेर आणलेला नाही. तो मला म्हणाला, “आजी, अर्जात विनंती लिहायची असते, संशय लिहायचा नसतो.” मी त्यास सांगितले की विनंती मी शेवटी लिहीन, आधी संशय लिहू दे. त्यात त्याचा काही दोष नाही. तरीही येत्या काही महिन्यांत त्याची दूरवर बदली झालीच, तर ती मी या अर्जाशी जोडून पाहीन, हे आपल्या माहितीसाठी नमूद करते.

३. पत्रातील मजकूर थोडक्यात असा : बेहेडपाड्याच्या माळावर सर्वसामान्य जनतेसाठी घोडेस्वारीचे केंद्र चार टप्प्यांत उभारण्यात येईल. पहिल्या टप्प्यात माळाला तारेचे कुंपण, विहिरीवर पंपघर व दहा हजार लिटरची टाकी. दुसऱ्या टप्प्यात आठ खोल्यांचे विश्रामगृह. तिसऱ्या टप्प्यात घोडे फिरविण्याचे रिंगण व प्रेक्षकांसाठी बाके. चौथ्या टप्प्यात तबेला व बारा घोडे. दिनांक १ मे पासून विहीर प्रकल्पाच्या ताब्यात जाईल. कारण पाहणी अहवालानुसार “सदर विहिरीचा वापर केवळ चार कुटुंबे करीत असून विहिरीत भर दिवसा पाणी विनावापर शिल्लक असल्याचे दिसून आले.” सदर चार कुटुंबांसाठी कुंपणाबाहेर एक नळ देण्यात येईल.

४. बेहेडपाड्यावर साठ घरे आहेत. साठही घरे याच विहिरीचे पाणी पितात. दुसरे पाणी म्हणजे खालच्या दरीतील ओहोळ. तेथे जाऊन भरलेला हंडा घेऊन चढून येण्यास दोन तास लागतात आणि एप्रिलच्या मध्यानंतर तोही आटतो. चार कुटुंबे व विनावापर पाणी या दोन्ही गोष्टी अहवालात कशा शिरल्या, ते मी या अर्जात पुढे सांगणार आहे. ते सांगणे मला सुखाचे नाही, म्हणून आधी आपल्या बाजूच्या गोष्टी सांगून घेते.

५. मी घोड्यांच्या विरोधात आहे असा समज कोणी आपणास करून दिला असल्यास तो मनातून काढून टाकावा. माझे वडील कै. पोश्या हे जव्हार संस्थानच्या पागेत मोतद्दार होते, म्हणजे घोड्यांची निगा राखणे ही त्यांची नोकरी होती. माझे लहानपण पागेच्या मागच्या खोलीत गेले. सकाळी शाळेत जाण्यापूर्वी दोन घोड्यांना खरारा करणे, म्हणजे दातेरी खराऱ्याने त्यांचे अंग घासून काढणे, हे माझे काम होते, आणि घोडा कोणत्या पायावर भार कमी देतो हे मी लिहावाचायच्या आधी शिकले. मोखाड्याची पोरे घोड्यावर बसलेली पाहण्यास मला आनंदच होईल. म्हणूनच पत्रासोबत फलकावर लावलेला आपला नकाशा मी इतर कोणापेक्षा बारकाईने पाहिला, आणि त्यातून खालील शंका उत्पन्न झाल्या.

(अ) नकाशात तबेल्याची दारे पश्चिमेकडे दाखविली आहेत. सूर्यमाळच्या डोंगरावर आषाढातील पाऊस पश्चिमेकडून आडवा येतो. त्या तबेल्यात घोडे आठ दिवसांत गुडघाभर चिखलात उभे राहतील व महिन्याभरात त्यांचे खूर सडतील. आमच्या पाड्यावर शेळीच्या गोठ्याचे दारही कोणी पश्चिमेला काढीत नाही.

(आ) तबेल्यात गुळगुळीत फरशी लिहिली आहे. फरशीवर नाल ठोकलेला घोडा घसरतो आणि पाय मोडलेल्या घोड्याचे पुढे काय करावे लागते ते मी येथे लिहीत नाही. विश्रामगृहाच्या नकाशात मात्र न्हाणीघराची फरशी खडबडीत दाखविली आहे, पाहुणे घसरू नयेत म्हणून. पाहुण्यांचा विचार ज्याने केला त्याने घोड्यांचा का केला नाही?

(इ) घोडे खाणार काय, हे संपूर्ण पत्रात कोठेही लिहिलेले नाही. साखरशेतच्या बाजूला भाताचा पेंढा मिळतो, पण त्यासाठी अद्याप कोणी कोणाला विचारलेले नाही. माझा मुलगा मधु तेथे शाळामास्तर आहे, त्याच्याकडून मी खात्री करून घेतली.

(ई) माळ चौकोनी आहे. कुंपणाची रेषा मात्र चौकोन पुरा करून थांबत नाही. पूर्वेच्या कोपऱ्यातून ती दोन हात रुंदीची पट्टी होऊन थेट विहिरीपर्यंत जाते, विहिरीला वळसा घालते व परत येते. अशा पट्टीतून घोडा दौडत नाही, चालतही नाही. तेथून फक्त नळी जाते.

(उ) पहिल्या तीन टप्प्यांपुढे काहीही अट लिहिलेली नाही. चौथ्या टप्प्यापुढे, म्हणजे जेथे घोडे आहेत तेवढ्याच ठिकाणी, “निधीच्या उपलब्धतेनुसार” असे शब्द आहेत.

६. महोदय, आमच्या पाड्याला टप्प्यांची ओळख आहे. पाड्याच्या खालच्या अंगाला रेशीम किड्यांच्या शेडचे चार खांब १९९५ सालापासून उभे आहेत. तो पहिला टप्पा होता. त्या खांबांवर आम्ही दोडक्याचे वेल चढवतो. शेजारच्या पाड्यावर एका दवाखान्याचा जिना आहे. दवाखाना दुसऱ्या टप्प्यात होता. एका जिन्याने किंवा चार खांबांनी आमचे फारसे बिघडत नाही, पण या खेपेस पहिला टप्पा म्हणजे आमचे पाणी आहे. हा प्रकल्प पहिल्या टप्प्याला थांबला तर मागे राहील तो पंप. दुसऱ्या टप्प्याला थांबला तर मागे राहील डोंगरावरचे हवेशीर आठ खोल्यांचे घर, ज्याला बारमाही पाणी आहे व ज्याच्या भोवती तार आहे. त्या घरात कोण राहावयास येणार हे मला ठाऊक नाही. आपणास ठाऊक असल्यास कळवावे. ठाऊक नसल्यास, ज्यांना ठाऊक आहे ते आपणास का सांगत नाहीत याचा विचार करावा.

७. आता पाहणीच्या दिवसाविषयी. दि. १८ फेब्रुवारी रोजी सकाळी दहाच्या सुमारास आपल्या कक्षाची जीप आली. तीत एक मोजणीदार व एक सल्लागार साहेब होते. सल्लागार साहेबांच्या पायांत गुडघ्यापर्यंतचे घोडेस्वारीचे बूट होते. बुटांच्या आतल्या बाजूला, जेथे खोगिराचे कातडे घासून डाग पडतो तेथे, एकही डाग नव्हता. बुटांवरून माणसाची परीक्षा करू नये म्हणून मी त्यांना साधा प्रश्न केला की दौडून आलेल्या घोड्याला पाणी केव्हा पाजावे. ते म्हणाले, “आल्याबरोबर पाजायचं आजी, भरपूर. मुकं जनावर तहानलेलं असतं.” दौडून तापलेल्या घोड्याला आल्याबरोबर पोटभर पाणी पाजणारा मोतद्दार माझ्या वडिलांनी पागेच्या दारात उभा केला नसता. घोड्याला आधी हिंडवून घाम जिरवावा लागतो, मग थोडेथोडे पाणी. हे दहा वर्षांच्या पोरीला ठाऊक होते. त्याच वेळी आमचा बैल मान झाडून उभा राहिला, तेव्हा सल्लागार साहेब जीपच्या पलीकडे गेले व पुढील चर्चा त्यांनी तेथूनच केली. अशा गृहस्थांनी बारा घोड्यांचे केंद्र आखले आहे. एकतर त्यांना घोडे कळत नाहीत, नाहीतर घोडे कधी येणारच नाहीत हे त्यांना पक्के माहीत आहे. दुसरी शक्यता मला अधिक पटते.

८. एवढे सांगून झाल्यावर आता मला माझ्या बाजूची गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या विहिरीची रीत समजल्याशिवाय ती कळणार नाही.

माघ लागला की विहीर खाली जाते व तेव्हापासून पाळी सुरू होते. पहाटे पाच ते रात्री आठ, अशा पंधरा तासांच्या पंधरा पाळ्या. एका पाळीला चारच घरे. प्रत्येक घराला तीन हंडे, घरात माणसे किती का असोत, तीनच. चार घरांचे बारा हंडे पाव तासात भरून होतात. त्यानंतरचा पाऊण तास विहिरीचा विसावा. त्या वेळात कोणी दोर सोडत नाही, काठावर भांडे ठेवत नाही, कोणी डोकावूनही पाहत नाही. तेवढ्या वेळात पाझर भरतो आणि पुढच्या चार घरांना पाणी मिळते. विसावा मोडला तर पाणी गढूळ होते व संध्याकाळच्या पाळ्या कोरड्या जातात. बहात्तर सालच्या दुष्काळात मी ही रीत घालून दिली. तेव्हापासून बेहेडपाड्यात पाण्यावरून कोणाचे डोके फुटलेले नाही. माझ्या स्वतःच्या घराची पाळी मी सर्वांत शेवटी, पंधरावी ठेवली आहे.

९. आपली जीप आली ती सहाव्या पाळीच्या वेळी. विहिरीवर चार घरच्या चार बाया होत्या. त्या पाव तासात भरून बाजूला झाल्या. मग विसावा सुरू झाला. मोजणीदार साहेब विहिरीवर जवळजवळ पाऊण तास बसले. त्यांनी पाहिले की पाणी वर चढत आहे आणि कोणी ते नेत नाही. ते विहिरीच्या श्रमाचे पाणी होते, त्यांनी ते शिल्लक म्हणून लिहिले.

त्या चौघींपैकी गोदी नावाची पाड्यातली एक सून हंडे उतरवून सावलीला थांबली होती. तिचा नवरा संदीप भिवंडीकडे वीटभट्टीवर असतो, घरी ती व दोन मुली. मोजणीदार साहेबांनी तिला विचारले की विहिरीवर पाण्याला किती घरे येतात. ती म्हणाली, “आमी चार घरां.” त्यांनी विचारले, आणखी कोणी येणार आहे का? ती म्हणाली, “आता कोनी नाय येनार.” दोन्ही उत्तरे त्या घटकेपुरती खरी होती. त्यांनी कागद पुढे केला, तिने अंगठा दिला.

१०. येथे आपण विचाराल की साठ घरांच्या पाड्यात बाकीची छप्पन घरे त्या दिवशी कोठे होती, आणि गोदीने पूर्ण हकीकत का सांगितली नाही. याचे उत्तर असे की दोन्ही गोष्टी माझ्या हुकमाने झाल्या.

वावर-वांगणीकडे भुकेने लेकरे दगावली त्या वर्षानंतर आमच्या डोंगरावर जीपगाड्यांची रीघ लागली होती. त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात अशाच एका गाडीतून कोणी फोटो काढणारा आला. गाडी पाहून सगळा पाडा विहिरीवर धावला, पाणी वाटायला आलेत असे कोणीतरी ओरडले, पाळी मोडली आणि बाया एकमेकींच्या अंगावर पडल्या. तो फोटो वर्तमानपत्रात आला. त्यात माझी धाकटी जाऊ चैती जमिनीवर पडली आहे, तिचे केस दुसरीच्या मुठीत आहेत आणि पदर कोठे आहे ते मी लिहीत नाही. चैती पुढे सात वर्षे जगली, पण त्या दिवसानंतर ती विहिरीवर उजेडी कधी आली नाही. तिची पाळी मी पहाटे पाचची केली.

तेव्हा मी पाड्याला दोन गोष्टी बजावल्या. गाडी आली की ज्यांची पाळी नाही त्यांनी घराबाहेर पाऊल टाकायचे नाही. आणि परका विचारील तेवढ्याच प्रश्नाचे उत्तर द्यायचे, पुढचा शब्द बोलायचा नाही. बेहेडपाड्याची विहीर परक्याला दिसेल ती शिस्तीतच दिसेल, असे मी ठरविले होते. दि. १८ फेब्रुवारीला ती तशीच दिसली. छप्पन घरे दारे लावून आत बसली होती. गोदीने विचारले तेवढेच सांगितले. मी स्वतः बैलाजवळ उभी राहून आपल्या सल्लागारांची परीक्षा घेत होते आणि विहीर किती देखणी दिसते आहे याचा मला अभिमान वाटत होता.

११. पत्र फलकावर लागल्यावर पाड्यात बोलणे सुरू झाले की गोदीने अंगठा देऊन विहीर घालवली. कोणी म्हणाले तिला नोकरी कबूल केली आहे. कोणी म्हणाले नळ तिच्या दारात येणार आहे, म्हणून चारच घरे सांगितली. शिमग्याला तिच्या घरी कोणी गेले नाही. सहाव्या पाळीच्या बाकीच्या तिघींनी तिच्या शेजारी हंडा ठेवण्यास नकार दिला. ती कोणाशी भांडली नाही. तिने आपले हंडे उचलले आणि ती दरीतल्या ओहोळाला जाऊ लागली, दिवसातून दोन वेळा, थोरल्या मुलीला बरोबर घेऊन.

हे सर्व मी पाहत होते. खरे काय ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते आणि एका वाक्यात मी ते थांबवू शकले असते. मी सात दिवस गप्प राहिले. तीस वर्षांत पाळीबद्दल माझी चूक कोणी काढली नव्हती आणि ती पहिल्यांदा मीच काढावी हे मला जड गेले. माझा संशय आपल्या कक्षावर होता, सल्लागारांवर होता, फलकावरचा कागद काढणाऱ्यावर होता. ज्या एका ठिकाणी संशयाची गरजच नव्हती, सरळ माहिती होती, तेथे मात्र मी पाहिले नाही.

काल संध्याकाळी गोदी दरीतून वर येताना दिसली. मी तिला वाटेत थांबवून विचारले की साहेबाला पंधरा पाळ्यांचे का नाही सांगितलेस. ती म्हणाली, “तूच सांगलं व्हतंस ना आजी, इचारतील तवढाच बोलायचा.” तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिने हंडाही खाली ठेवला नाही.

१२. सबब मी लेखी कबूल करते की पाहणी अहवालातील चुकीची नोंद गोदीच्या खोटेपणामुळे झालेली नसून माझ्या हुकमामुळे झालेली आहे. हीच गोष्ट मी आज सकाळी पहिल्या पाळीला विहिरीवर मोठ्याने सांगितली व पुढच्या चौदाही पाळ्यांना तितक्याच मोठ्याने सांगणार आहे. गोदीची पाळी मी पंधराव्या पाळीत, माझ्या स्वतःच्या हंड्यांशेजारी घेतली आहे. त्या पाळीतील एक घर खुशीने सहाव्या पाळीत गेले आहे.

माझ्या चुकीने आपल्या कक्षाची चूक बरोबर ठरत नाही. पाऊण तास विहिरीवर बसणाऱ्या माणसाने पंचावन्न पावलांवरील पाडा चालून येऊन दारे मोजावयास हवी होती. आपली नोंद कायम राहिली तर विहीर तर जाईलच, पण पाणी शिल्लक असलेल्या पाड्याला टँकर कशाला, असे म्हणून उन्हाळ्यातील टँकरच्या यादीतूनही आमचे नाव निघेल. तो टँकर आठवड्यातून एकदा येतो, कधी येतही नाही. तरी यादीत नाव असलेले बरे असते.

१३. वरील कारणांस्तव माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

पहिली. गोदी संदीप हिच्या अंगठ्याखालील जबाब रद्द करून त्या जागी माझी सही घ्यावी. अंगठा फाडून टाकू नये, त्यावर रेघ मारून तारीख घालावी, म्हणजे मागाहून कोणी तो पुन्हा काढणार नाही.

दुसरी. सोमवार दि. १५ एप्रिल रोजी सकाळी दहा वाजता आपण स्वतः बेहेडपाड्यास यावे. प्रतिनिधी पाठवू नये. त्या दिवशी मी तीस वर्षांत प्रथमच पाळी बंद ठेवणार आहे. साठही घरे एकाच वेळी विहिरीवर येतील. प्रत्येकाचे तीन हंडे, एकूण एकशे ऐंशी, माळाच्या कडेने ओळीत मांडलेले असतील. ज्यांची माणसे भट्टीवर गेली आहेत त्यांचे हंडे शेजारी आणून ठेवतील, कारण घराला कुलूप असले तरी घर पाड्याचेच असते. आपण ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाऊन मोजावे. कोणी ढकलाढकल करणार नाही, त्याची हमी मी देते. फोटो काढणारा सोबत आणल्यास माझी हरकत नाही. या खेपेस आम्हीही पदर नीट करून उभ्या असू.

तिसरी. टप्प्यांचा क्रम उलट करावा. जे घोड्यांसाठी आहे त्याची सुरुवात घोड्यापासून व्हावी. आषाढ-श्रावणात या डोंगरावर इतके पाणी वाहून जाते की टाकी त्यावर भरता येईल. तिच्यासाठी विहीर लागत नाही. माझे वडील ज्या पागेत होते तेथे शिमगा झाला की घोडे उतरवून खालच्या गावी पाण्याच्या जागी नेत आणि दिवाळीच्या सुमारास परत आणीत. ज्यांना खरोखर घोडे पाळावयाचे असतात ते असे काहीतरी करतात. आपणास हवे असल्यास तबेल्याची दिशा, जमीन, दावण व गव्हाण यांविषयी मी विनामूल्य सल्ला देईन. त्यासाठी बुटांची गरज लागणार नाही.

चौथी. नियोजित बारा घोड्यांची नावे, वये, रंग आणि ते सध्या कोठे बांधलेले आहेत, हे लेखी कळवावे. ज्या घोड्याला अद्याप नाव नाही तो घोडा अस्तित्वात नाही असे समजण्यात येईल.

१४. शेवटी एक हिशेब आपणासमोर ठेवते. उन्हाळ्यात काम करणारा घोडा दिवसाला तीन हंडे पाणी पितो. तबेला धुण्याचे व पाहुण्यांच्या न्हाणीघरांचे पाणी मी धरलेले नाही. तीन हंडे म्हणजे आमच्या एका घराचे एका दिवसाचे पाणी. म्हणजे बेहेडपाड्यात एक घोडा येणे म्हणजे एका घराचे पाणी जाणे, मग त्या घरात माणसे दोन असोत की नऊ.

तरीही मी आडमुठेपणा करीत नाही. दि. १५ एप्रिल रोजी येताना आपण एक घोडा घेऊन यावे. खरा, चार पायांवर उभा राहणारा, आपल्या सल्लागारांनी स्वतः लगाम धरून आणलेला. तो आल्यास मी त्याला हिंडवून त्याचा घाम जिरवीन आणि माझ्या घराचे तीनही हंडे त्याच्यापुढे ठेवीन. त्या दिवसापासून माझी पाळी त्याची. मी या वयात दरीतल्या ओहोळाला जाईन. गोदीची थोरली मुलगी चालली तेवढे मलाही चालता येईल.

उरलेल्या अकरा घोड्यांसाठी अकरा घरे लागतील. साठ घरांची यादी या अर्जासोबत जोडली आहे. प्रत्येक नावापुढे पाळीचा क्रमांक, घरातील माणसांची संख्या आणि एक रिकामा रकाना आहे. त्यांपैकी कोणत्या अकरा घरांचे पाणी घोड्यांना द्यावयाचे, ते आपण त्या रकान्यात स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून प्रत्येक नावापुढे पूर्ण सही करावी. शिक्का चालणार नाही. ती यादी मी विहिरीवर पंधराही पाळ्यांना वाचून दाखवीन.

आपल्या उत्तराची, आणि एका घोड्याची वाट पाहत असलेली,

(सही)
धोंडीबाई पुंजा वारघडे
बेहेडपाडा, ता. मोखाडा

सोबत :
१) बेहेडपाड्यातील साठ घरांची पाळीवार यादी, रिकाम्या रकान्यासह. पहिल्या अकरा नावांत माझे नाव शोधू नये, ते शेवटी आहे व त्यापुढील रकाना मी स्वतः भरला आहे.
२) संदर्भ क्र. २ च्या पत्राची हाताने उतरविलेली प्रत.
३) १९९३ सालच्या वर्तमानपत्रातील फोटोचे कात्रण. पाहून परत करावे. फाईलला टोचू नये.
४) माझ्या वडिलांचा पितळी खरारा, एक नग, कापडात गुंडाळलेला. ही वस्तू काय आहे व कोणत्या हाताने, कोणत्या दिशेने चालवतात, हे सल्लागार साहेबांकडून त्यांच्या अक्षरात लिहून घ्यावे व वस्तू उत्तरासोबत परत पाठवावी.

टीप : हा अर्ज एक प्रत रजिस्टर टपालाने व एक प्रत समक्ष पाठविली आहे. दोन्हींची पोच वेगवेगळी द्यावी. एकाच पोचेवर भागविल्यास दुसरी प्रत कोठे गेली हे विचारण्यासाठी मी स्वतः जव्हारला येईन.